मांजर्लीतली खाऱ्या पाण्याची पेटी

मित्रांनो, माझ्या काचेवर हे जे पांढरट डाग दिसतात ना, ती धूळ नाही. ते मीठ आहे. कितीही पुसलं तरी ते जात नाही. मी माशांची काचपेटी आहे, आता जुनी आणि फार थकलेली. बदलापूरला मांजर्लीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे मी पडून असते.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला. परसराम नावाचे सिंधी कारागीर तिथे काचेची कामं करत. एकदा श्यामकांत नावाचे गृहस्थ त्यांच्याकडे आले. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. काच जाड हवी आणि लोखंड कुठेही नको, कारण पेटीत समुद्राचं पाणी भरायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. परसराम हसले आणि म्हणाले, "साहब, लोग गोल्डफिश रखते हैं. आप समंदर रखोगे?" पण माझे सांधे त्यांनी मनापासून जोडले.

श्यामकांतांची पत्नी सुनंदा समुद्राकाठच्या देवगडची. बदलापूरला आल्यापासून तिला घर सुनं वाटायचं. म्हणून हा सगळा खटाटोप होता. याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत कडप्प्याचा ओटा बांधून त्यावर मला ठेवलं. अलिबागहून कॅनमधून पाणी आलं. सुनंदाच्या भावाने, श्रीपादने, देवगडच्या खडकातले दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवले. पाणी भरलं तेव्हा त्याच्या वजनाने माझे सांधे कुरकुरले. तो भार पुढे कितीतरी वर्षं उतरला नाही.

मग नुसती वाट पाहणं सुरू झालं. शेजारी येत आणि मासे कुठे आहेत, असं विचारत. श्यामकांत त्यांना समजावत, की दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, ते पाण्यातली घाण पचवायला लागले की मगच मासे आणायचे. त्यांची मुलगी कुंदा शाळेतून आली की काचेला नाक लावून बसे आणि दगडच बघे.

एका रविवारी श्यामकांतांचे साहेब गुरुदत्त घरी आले. मुंबईहून त्यांनी पिशवीत रंगीत मासे आणले होते. साहेबांना नाही कसं म्हणायचं? मासे माझ्यात सोडले. दोन-तीन दिवसांतच ते एका कुशीवर तरंगू लागले. सुनंदाने एकेक हाताने काढला आणि तगरीखाली पुरला. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "यापुढे कोणीही भेट आणली, तरी मी नाही म्हणेन. तुम्हाला जमणार नाही."

त्यानंतर घाई झाली नाही. खूप दिवसांनी एक छोटा निळा मासा आला. तो टिकला, तेव्हा कोळंबी आली. शेवटी आलं समुद्रफूल. दिसतं फुलासारखं, पण तो जिवंत प्राणी असतो. त्याच्या कुशीत राहणारी केशरी माशांची जोडीही आली. मग मात्र आमच्याकडे जत्रा लोटली. अंबरनाथच्या शिवमंदिराला आलेले पाहुणेसुद्धा वाट वाकडी करून मला बघायला येत. कौतुक ऐकायला बरं वाटे, पण रोज खारेपणा मोजणं, काच घासणं, पाण्यात हवा सोडणारा पंप सांभाळणं सुनंदाच करी. तीही दमायची, मीही दमायचे.

मग एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी दुपारीच घरात शिरलं. श्यामकांत कारखान्यात अडकले होते. वीज गेली आणि माझा पंप थांबला. वरच्या मजल्यावरचे चिंतामणीकाका धावत आले.

"वहिनी, आधी टीव्ही उचलू."

"टीव्ही राहू दे, काका. हे जिवंत आहेत."

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सुनंदाने माझ्यातलं पाणी बादलीत घेतलं आणि मासे पकडले. समुद्रफूल दगडाला घट्ट चिकटलं होतं. ओढलं असतं तर फाटलं असतं. काकांनी आणि तिने तो जड दगडच टबात घालून वर नेला. कुंदा त्यांच्या मागून बादली घेऊन जिना चढली. त्यानंतर माझ्या काठावरून गढूळ गोडं पाणी आत आलं. मागे राहिलेल्या दगडांतले सगळे जीव माझ्या पोटातच मेले.

वर त्या मायलेकी आळीपाळीने मगाने पाणी वरून ओतत बसल्या, माशांना हवा मिळावी म्हणून. दुसऱ्या दिवशी वीज आली, तेव्हा वर आणलेले सगळे जिवंत होते.

श्यामकांत परतले. टीव्ही, गाद्या, लग्नाचे फोटो, सगळं चिखलात गेलं होतं. ते रागावले नाहीत. माझ्याजवळ बसून हळूच म्हणाले, "सुनंदा, पुन्हा पहिल्यापासून मला नाही जमायचं." तिलाही ते कळत होतं. उल्हासनगरच्या एका कॉलेजात समुद्राच्या पाण्याची टाकी होती. तिथे ती स्वतः रिक्षाने सगळ्यांना पोचवून आली. घरी येऊन रिकामी बादली तिने धुतली, पालथी घातली आणि बराच वेळ मोरीतच उभी राहिली.

मला गच्चीवर आणलं. आधी माझ्यात जुने कपडे होते, आता फुटक्या कुंड्या आहेत.

मित्रांनो, तुम्ही इथे खेळायला येता आणि हिच्यात मासे सोडू या, असं एकमेकांत बोलता. सोडा, पण त्याआधी घरात एक ठरवा, की वीज गेली तर त्यांच्यापाशी कोण बसणार. ते ठरत नसेल, तर मला अशीच राहू द्या. मला आता चालतं.