चवळीखाऊ

आमच्या सेगू शहरात जारा आणि त्राओरे या दोन घराण्यांचं नातं थट्टेचं. एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, वाट्टेल ते बोलायचं आणि कुणी रागवायचं नाही. मयतातसुद्धा सुटका नसते. मेलेल्याची टिंगल करायचा मान समोरच्या घराण्याचाच.

मी गाउसू जारा. जन्मभर गोष्टी लिहिल्या. प्रत्येक गोष्ट आधी ऐकली ती माझ्या मित्राने, मोलोबाली त्राओरेने. शाळामास्तर होता, त्यामुळे चिरफाड करायची त्याला सवयच.

गेल्या पावसाळ्यात मला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. पुढे डाव्या हाताने कशीबशी एक गोष्ट लिहून त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, छान आहे, आता आराम कर. बायको न्येले छान म्हणाली, शेजारी म्हणाले, ते ठीक. आजाऱ्याला लोक म्हणतातच. पण मोलोबालीने छान म्हणावं? म्हणजे एकतर माझं लिहिणं संपलं होतं, नाहीतर मी.

दोन दिवस कुढलो, मग संतापलो. अरे, मेलो नाही अजून! नवी गोष्ट लिहायला घेतली. तिच्यात एक त्राओरे मास्तर शेजाऱ्याची चवळी चोरून खाता खाता मरतो आणि मडकं झग्यात लपवून स्वर्गात शिरायला बघतो.

अंगणात चहा उकळत होता तेव्हा मोलोबालीला ती वाचून दाखवली. आधी तो सुतकी चेहऱ्याने ऐकत होता. मडकं आलं तसा त्याने पेला खाली आपटला.

"धादांत खोटं! आणि खोटंसुद्धा धड जमलेलं नाही. पहिली दोन पानं फेकून दे. गोष्ट मडक्यापासून सुरू होते. अक्कलही चवळीबरोबर गिळलीस काय रे?"

न्येले हसून हसून खाली बसली. मी विचारलं, मग आधीची गोष्ट?

त्याने आपटलेला पेला उचलून पुसला. "भिकार होती. पण डॉक्टर म्हणाले होते, याला त्रास देऊ नका. घाबरलो होतो रे मी."

मला रडू आलं, सांगायला लाज कसली? अल्लाने हात नेला, पण हा माणूस ठेवला. त्याचे उपकार कुठे फेडू? पहिली दोन पानं मी तिथेच फाडली. मोलोबालीचं बरोबर होतं.

आता रोज सकाळी तो फाटकातूनच ओरडतो, "चवळीखाऊ आहे की गेला?"

"आहे," मी आतून सांगतो. "ये, दोन पानं झालीत."