काठ

मित्रांनो, मला उचलण्याआधी हात पुसा, असं एके काळी मी तोऱ्यात सांगितलं असतं. आता राहू द्या. चिकट बोटांनी उचललंत तरी माझं आणखी काही बिघडायचं नाही. मी एक म्हातारा चांदीचा डॉलर आहे आणि सध्या रेडिंग गावातल्या एका नाण्यांच्या दुकानात, झिजलेल्या नाण्यांच्या ढिगात तोंड खाली करून पडलो आहे. माझ्या पाठीवर जो डॉलर बसला आहे, तो आयुष्यभर दारूच्या गुत्त्यांतून फिरलेला आहे. त्याची आणि माझी किंमत एकच. हे मला अजूनही पचत नाही.

कारण मी साधा नव्हतो. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत साधे डॉलर हजारांनी पडत. यंत्राचा एक ठोका, की धाडकन खाली. मग पोत्यात भरायचं आणि पोतं आपटायचं. जन्मल्या जन्मल्या एकमेकांच्या तोंडाला ओरखडे. आम्ही प्रूफ. म्हणजे खर्चायला नव्हे, दाखवायला घडवलेले. आमची चकती आधी घासूनपुसून लख्ख करत, ठशाला आरशासारखी झिलई देत आणि मग सावकाश, पूर्ण दाबाने ठोकत. एकदा नव्हे, दोनदा. नंतर माणूस हलक्या हाताने उचलून घेई. माझ्या तोंडावर कोरलेल्या बाईच्या कानावरची बट न् बट मोजता यायची आणि मागच्या गरुडाच्या छातीवरचं प्रत्येक पीस वेगळं दिसायचं. भोवतीची जागा इतकी नितळ, की माझ्यात बघून दाढी करावी.

पण एक गोम आहे, आणि माझं सगळं वाटोळं त्या गोमेतच झालं. साध्या डॉलरांचा ठसाही नवा असताना चकचकीत असतो. त्यातून पडलेली पहिली काही नाणी आरशासारखीच लखलखतात. नवख्याला ती प्रूफच वाटतात. म्हणून जाणकार आरशाला भुलत नाही. तो काठ बघतो. साध्याचा काठ किंचित गोलसर, विरघळत्या साबणासारखा. आमचा काठ काटकोनात कापल्यासारखा, खडा, नखाला टोचणारा. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

माझा पहिला मालक एक दंतवैद्य होता. त्याने मला कापसात ठेवलं आणि वर्षातून एकदा पाहुण्यांना दाखवलं. त्याच्या लेकाला बाटली प्रिय होती. मंदीच्या दिवसांत त्याने इतर चिल्लर डॉलरांबरोबर मलाही एका टोपीवाल्याच्या गल्ल्यावर आपटलं आणि डोक्यावर नवी टोपी घालून तो चालता झाला. त्याच दुकानात आमोस बेक्टेल टोप्यांना वाफेवर आकार द्यायचा. गल्ल्यात त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने आपल्या पगारातला एक डॉलर आत टाकला आणि मला उचललं. बोटांच्या टोकांनी, काठाला धरून. मला तो माणूस तिथेच आवडला.

आमोस मला टोपीच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तुकड्यात गुंडाळून गावातल्या नाणेप्रेमींच्या क्लबात घेऊन गेला. क्लब म्हणजे विनफिल्ड क्रेब्स. खिळे-कुलपांचं मोठं दुकान, कोटाला साखळीने अडकवलेलं भिंग, आणि तो म्हणेल ती पूर्व दिशा. क्रेब्सने मला हातात घेतलं, पण बघितलं ते आमोसच्या वाफेने सोललेल्या बोटांकडे.

"टोपीच्या दुकानात प्रूफ? आमोस, उद्या म्हणशील, मला खाटकाकडे हत्ती मिळाला."

"काठ तर बघा, मिस्टर क्रेब्स."

"नव्या ठशाचं पिल्लू आहे हे. चकाकतंय म्हणून तू हुरळलास. आरशात स्वतःलाच बघून आलास की काय?"

सगळे फिदीफिदी हसले. आमोस हट्टाला पेटला, म्हणाला, "मी खोटं बोलत नाही." तेव्हा क्रेब्सने नियम काढला: खोटा दावा करणाऱ्याला क्लबात जागा नाही. त्याचं नाव कापलं गेलं. पण टिंगल कापली गेली नाही. रस्त्यात, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याकडे, सगळीकडे त्याचं नाव 'आरसेबुवा' पडलं. "या आरसेबुवा, आज भांग कुठे पाडलात?" लोक दात काढायचे. आमोस हसून घ्यायचा. घरी आला की मला नमद्यातून काढून खिडकीशी धरायचा आणि काठावर नजर फिरवायचा. नखसुद्धा लावायचा नाही.

तो त्याच नावाने मेला. पुरायला आलेल्यांतही कोणी तरी हळूच म्हणालं, "गेला बिचारा आरसेबुवा." त्याच्या लेकीने, व्हर्नाने, ते ऐकलं.

व्हर्ना लग्नाविना राहिली होती. चर्चमधली चांदीची भांडी घासायचं काम तिच्याकडे होतं. खडूची पूड, व्हिनेगर आणि मऊ फडकं. तिच्यासारखं लख्ख कोणाला जमत नाही असं गावातल्या बायका म्हणत, आणि ते खरंही होतं. क्लबाच्या वार्षिक जेवणात दिवंगत सभासदांची नावं उभं राहून वाचायची रीत होती. व्हर्नाला एवढंच हवं होतं: त्या यादीत आमोस बेक्टेल हे नाव एकदा नीट वाचलं जावं. त्यासाठी क्रेब्सने मला प्रूफ म्हणायला हवं होतं.

जेवणाच्या आदल्या दुपारी तिने मला नमद्यातून काढलं. इतक्या वर्षांत माझ्यावर निळसर सोनेरी झाक चढली होती. मित्रांनो, ती झाक म्हणजे आमचं वय आणि आमची अब्रू. जाणकार तिला बोट लावत नाहीत. व्हर्नाला मात्र तो मळ वाटला.

"अगं बाई, पपांचं नाणं असं काळवंडलेलं नेऊ? लोक म्हणतील, लेकीला बापाची किंमत नाही."

तिने खडूची पूड घेतली. बापाने शिकवलं होतं तसं मला काठाला धरलं, अगदी जपून. आणि घासलं. बाईचा गाल घासला, बट घासली, गरुडाची छाती घासली. ती गाणं गुणगुणत होती. मी ओरडलो असतो, पण मला तोंड दिलंय ते एका बाईचं, आणि ती बोलत नाही. आरसा गेला. त्याच्या जागी एक पांढरट, आंधळी चकाकी आली. व्हर्नाने मला उजेडात धरलं आणि खुशीने तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये हॅम, बटाटे आणि बिटात मुरवलेली अंडी खाऊन मंडळी सैलावली होती. व्हर्ना उठून क्रेब्सच्या टेबलाशी गेली.

"काय मिस बेक्टेल," क्लेटन योडर नावाचा एक फाजील सभासद ओरडला, "वडिलांचा आरसा आणलात वाटतं!"

क्रेब्सने भिंग डोळ्याला लावलं. त्याच्या भुवया वर गेल्या. मग त्याने मला आडवं धरलं आणि सावकाश फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझा काठ पाहिला. काठावर त्याचं नख फिरलं. त्याला कळलंय, हे मला कळलं.

"घासलंय का हे?"

"हो," व्हर्ना अभिमानाने म्हणाली. "मीच. काल."

क्रेब्सने भिंग खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "साधं नाणं. वर घासून वाया घालवलेलं. बसा, मिस बेक्टेल."

हशा झाला. मग नावं वाचली गेली. आमोसचं नव्हतं. व्हर्ना सगळी यादी संपेपर्यंत उभी राहिली, कारण उभं राहायची रीत होती.

ती कोट घ्यायला गेली तेव्हा क्रेब्स मागोमाग आला. त्याने खुंटीवरचा तिचा कोट काढून सभ्यपणे मागून धरला.

"मिस बेक्टेल, काठावर नख फिरवा जरा. टोचतं ना? साध्याला अशी धार नसते. ते प्रूफ आहे. म्हणजे, कालपर्यंत होतं. तुमचे वडील खरं बोलत होते."

व्हर्नाचा एक हात बाहीत आणि एक बाहेर राहिला. "मग आत चला ना! सांगा त्यांना!"

"काय दाखवून सांगू? त्यांना फक्त आरसा कळतो, आणि तो तुम्ही पुसून काढलात. आणि इतक्या वर्षांनी मी माझा शब्द गिळू, कशापायी?"

"मग मला तरी कशाला सांगितलंत?"

"तुम्हाला माहीत असावं म्हणून," क्रेब्स म्हणाला. "बटणं लावून घ्या. बाहेर गारठा आहे."

मित्रांनो, मी पुष्कळ दुष्ट माणसं पाहिली आहेत. पण कोट धरून उभा असलेला असा माणूस पुन्हा पाहिला नाही.

त्या दिवसापासून व्हर्नाने मला नमद्यात ठेवलं नाही. मी तिच्या एप्रनच्या खिशात गेलो. चर्चमधल्या बायकांना ती सुरुवातीला दाखवायची, "हे बघ, नख लावून बघ." त्या म्हणायच्या, "हो गं, छान आहे," आणि एकमेकींकडे बघायच्या. पुढे तिने दाखवणं सोडलं. फक्त चाचपायची. भाजी चिरताना थांबून, प्रार्थना चालू असताना, झोपण्यापूर्वी. अंगठा काठावर फिरायचा. टोचलं, की तिला बरं वाटायचं. पपा खरं बोलत होते. जगात याला एकच साक्षीदार उरला होता, माझा काठ, आणि ती त्याला दिवसभर पुन्हा पुन्हा साक्षीला उभं करायची. क्रेब्स मेला. क्लब मोडला. तिचा अंगठा थांबला नाही.

चांदी मऊ असते हो. आणि माया खडूपेक्षाही खरबरीत असते.

एके दिवशी टोचलं नाही. तिने दुसरा अंगठा लावला. मग मला खालच्या ओठाशी धरून फिरवलं. मग चष्मा पुसून खिडकीशी नेलं, जिथे आमोस न्यायचा. काठ गोलसर झाला होता, विरघळत्या साबणासारखा.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन या दुकानात आली. काउंटरवरच्या मुलीने मला उलटंपालटं केलं.

"घासलेलं, झिजलेलं. साधंच आहे, मॅडम."

"काठ बघितलास?"

"बघितला ना. साधा काठ."

"पूर्वी टोचायचा."

"नाही हो. प्रूफ खिशात ठेवून कोण फिरतं?"

व्हर्नाने माझ्याकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. ते मी ओळखलं. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, आमोसला बघून लोक तसंच हसायचे.

"पपा, तुम्ही पण ना," ती म्हणाली. "आणि तो क्रेब्स! जाता जाता त्यानेही माझी थट्टाच केली."

मला घेऊन जायला तिने हातसुद्धा पुढे केला नाही. दारावरची घंटी वाजली आणि ती गेली. शेवटी तिनेही आमोसला आरसेबुवाच ठरवलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात कोणाचं काही खरं ठेवलेलं असेल, तर त्याला घासू नका, चाचपू नका, रोज उठून खरं आहे ना म्हणून विचारू नका. नमद्यात गुंडाळा आणि विश्वास ठेवा. मला मात्र खुशाल उचला. काठावर नखही फिरवून बघा.

टोचत नाही ना? बघा, तुम्हालाही पटलं.