दोन आजारांचा दिवा

मित्रांनो, देवघरात मला कुणी कधी ठेवलं नाही. मी स्पिरिटचा दिवा आहे, आणि आता जुना झालो आहे. पोट काचेचं, वात सुती, ज्योत निळसर. अंबाल्याच्या कारखान्यात घडलो आणि चंदीगड अजून नवंनवं होतं तेव्हा तिथल्या एका छातीच्या रुग्णालयात आलो. वॉर्डाच्या बाजूच्या खोलीत, ओट्यावर माझी जागा.

रोग्यांची थुंकी काचपट्टीवर पसरायची आणि ती पट्टी माझ्यावर शेकायची, हे माझं काम. मग सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसत. जंतू सापडले की सगळ्यांचा शोध संपे. त्या माणसाला आणखी काही झालं असेल, असं कुणाच्या मनातच येत नसे.

अशात एका हिवाळ्यात पद्मिनीबाई दाखल झाल्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, इथे शाळेत गणित शिकवत. यजमान गजाननराव केंद्र सरकारच्या कचेरीत. बाईंच्या जंतूंना नेहमीची औषधं जुमानत नव्हती. "गोळ्या चुकवल्या असतील," असं कुणी म्हणालं की बाई ताडकन उत्तर देत, "एकही नाही चुकवली!"

नवी, जहाल औषधं सुरू झाली. इंजेक्शनांनी अंग सुजे, गोळ्यांनी पोट ढवळून येई. तरी बाई वाळतच चालल्या. सुरई रिकामी करायच्या आणि पुन्हा पाणी मागायच्या. एकदा मोठे डॉक्टर फेरीला आले. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून मी ऐकलं.

"बहनजी, ये बीमारी ऐसे ही सुखाती है," ते म्हणाले. "अब घर जाकर आराम कीजिए."

घरी जा म्हणजे आशा सोडली, हे बाईंना कळलं. त्या उठून बसल्या.

"सुखाती है, मान लिया. पर डॉक्टरसाहब, इतनी प्यास कौन-से फेफड़े को लगती है?"

डॉक्टर पुढे निघून गेले. मागे राहिली विनया, नागपूरहून आलेली शिकाऊ डॉक्टर.

"पद्मिनीताई, लघवीलाही सारखं जावं लागतं का?"

"अगं, तेच तर सांगतेय केव्हापासून!"

विनयानं परीक्षानळीत निळं औषध घेतलं, बाईंच्या लघवीचे थेंब टाकले आणि मला पेटवलं. नळी उकळली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल. लघवीत साखर होती, भरपूर! क्षयाच्या जोडीला मधुमेह बसला होता आणि एकाच्या आडून दुसरा बाईंना खात होता. विनया ती नळी घेऊन तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली. घरी पाठवायचं रद्द झालं.

खरी लढाई पुढेच होती. गजाननराव रोज शेजारच्या सरदारणीनं केलेली पंजिरी आणत, म्हणजे तुपात भाजून साखर घातलेली कणीक. क्षयाच्या माणसानं भरपूर खावं, असं जो तो सांगे. विनयानं डबा परत केला तेव्हा त्यांचा आवाज चढला.

"उपाशी ठेवून मारणार का हिला?"

"अहो, उपाशी कोण राहतंय?" बाई म्हणाल्या. "डबा आणा. पण भाकरी आणा, अंडी आणा. माझ्यावर माया करायचीय ना? मग साखरेशिवाय करा."

गजाननराव डोळे पुसत गेले आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी घेऊन आले. चंदीगडात त्यांनी ज्वारी कुठून पैदा केली, देव जाणे!

इन्सुलिन सुरू झालं. क्षयाच्या इंजेक्शनांनी बाईंचा डावा कान मात्र गेला. "गेला तर गेला, मुलांचा गोंगाट निम्मा झाला," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी तोंड फिरवून बराच वेळ पडून होत्या. हळूहळू अंगावर मांस चढलं. माझ्यावर शेकलेल्या त्यांच्या पट्ट्यांत जंतू दिसेनासे झाले. उरलेली औषधं घरूनच घ्यायची ठरली.

निघायच्या दिवशी बाई खाटेवरून हलेनात.

"शेजारच्या खाटेवरच्या शीलावंतीलाही औषधं लागू पडत नाहीत. तिची लघवी तपासा, मग जाते."

"उसे प्यास कहाँ है?" मोठे डॉक्टर वैतागले.

"न हो. देखिए तो सही."

शेवटी मला पेटवलं. नळी उकळली, पण निळीच राहिली.

"देखा? कुछ नहीं निकला."

"अब पता है कि नहीं है," बाई म्हणाल्या. "सुबह तक पता नहीं था."

डॉक्टरांनी ती निळी नळी उजेडात धरून पाहिली. मग विनयाला म्हणाले, "कल से सबकी करो."

त्यानंतर कित्येक वर्षं माझी वात सुकली नाही. कुणाची नळी लाल झाली, बऱ्याच जणांची निळी राहिली. सगळे काही वाचले नाहीत. पुढे लघवीत बुडवायच्या रंगीत पट्ट्या आल्या आणि मी कपाटात गेलो.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण आजारी माणूस म्हणाला, "मला आणखी काहीतरी होतंय," तर त्याला गप्प करू नका. तपासा. आणि तो आजारी माणूस तुम्हीच असाल, तर खाट सोडू नका. काही निघालं नाही, तर थोडं स्पिरिट वाया जाईल, एवढंच ना? जाऊ द्या जळून!