कोंब राखणारी काठी

मी एक जुनी, कंद खणायची काठी आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका! आज माझ्यावर मथुराबाईंचा दोडक्याचा वेल चढतो, पण एके काळी माझ्या जिवावर एक अख्खं घर जेवत होतं.

बंगळूरच्या दक्षिणेकडच्या रानात इरुळिग लोक राहत. तिथल्या एका आजीनं मला तोडलं, टोक विस्तवात भाजून टणक केलं आणि लेकीच्या, मादम्माच्या, हाती दिलं. पुरुष मधासाठी कड्यावर चढत, त्यांचं कौतुक फार! पण कुठला कंद गोड आणि कुठला घसा खाजवणारा, हे बायकांनाच ठाऊक. आई लेकीला रानात नेऊन शिकवी. कंद काढला की कोंबाकडचा तुकडा परत मातीत पुरायचा, हा त्यांचा नेम. "पोटच्या पोरीसाठी ठेव," आजी म्हणायची.

१९५६ साली त्यांना रानातून उठवलं. चार वर्षांच्या लेकीला, केंपीला, कडेवर आणि मला हातात घेऊन मादम्मा बंगळुरातल्या जयनगरला आली, विश्वासरावांच्या नव्या घरी धुणीभांडी करू लागली. त्यांच्या पत्नी मथुराबाई काही वाईट नव्हत्या हो. जुनी लुगडी देत, ताक देत. फक्त सुट्टी देत नसत.

"अम्मा, दोन दिवस जाते. रानाच्या कडेला कंद आहेत अजून, पोरीला दाखवायचे आहेत."

"सरी, ठीक आहे, पण या आठवड्यात पाहुणे आहेत गं. पुढच्या आठवड्यात जा."

असे पुढचे आठवडे बारा वर्षं येत राहिले. मग मादम्मा तापानं गेली.

केंपी मला घेऊन एकटीच रानाच्या कडेला गेली. आईनं वर्णन केलेला वेल तिनं शोधला, खणू लागली. हाताला आईचंच वळण! मला भरून आलं. "अव्वा, मिळाला बघ!" ती रडत हसली आणि कोंबासकट सगळा कंद पिशवीत टाकून निघाली. अगं, कोंब ठेव, कोंब! मी आतल्या आत ओरडत राहिले. काठीचं कोण ऐकतं?

पुढच्या वर्षी ती त्याच जागी आली. तिथे नुसता खड्डा होता.

"अव्वा खोटं सांगायची. म्हणे, दरवर्षी उगवतो," असं म्हणत ती परतली आणि तिनं मला मथुराबाईंच्या परसात फेकलं.

मित्रांनो, मादम्मा खोटं बोलली नव्हती. तुमच्या घरी कुणी सुट्टी मागितली, तर त्याच आठवड्यात द्या. केंपीला आता सांगणारं कुणी उरलं नाही.