सुलूचं नाय

राग आला की माणसं भांडतात, रडतात, फोन आपटतात. सुलू त्यातली नव्हे. ती राग सुपारीच्या खांडासारखा दाढेखाली धरून ठेवते. माकुणसारच्या या बाईने एक राग तब्बल दहा महिने असा धरला होता, आणि ज्यांच्यावर धरला होता त्या तिघींना त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

त्या तिघी म्हणजे दीपा, मेघाली आणि बुधी. केळव्याच्या शाळेत दहावीपर्यंत चौघी एकाच बाकावर. बाक तिघींचा होता, पण बसायच्या चौघी, आणि जी टोकाला असेल ती अर्धी हवेत. दीपा आता बोईसरला शाळेत शिकवते. तिच्या वर्गात निम्मी पोरं हिंदी बोलणारी, त्यामुळे तिची स्वतःची जीभही मध्येच तिकडे घसरते. मेघाली तारापूरच्या एका कारखान्यात ऑफिसात आहे. बुधी मासवणकडची, डोंगरातली. वसतिगृहात राहून शिकली आणि परत मासवणलाच आरोग्य उपकेंद्रात नर्स झाली. आणि सुलू लग्न करून माकुणसारला वाडीत गेली. नारळ, केळी, पानवेल, आणि शैलेश नावाचा अबोल, भला नवरा.

चौघींनी दहावीच्या निरोपाच्या दिवशी ठरवलं होतं, पन्नाशीच्या आत अंदमानला जायचं. बेटावरून बेटावर. तिघी ते बोलून विसरल्या. सुलू विसरली नाही. तिने एक वही केली. कुठली बोट किती वाजता सुटते, कुठल्या बेटावर मुक्काम करायचा, कुठे पाणी गुडघाभरच असतं, सगळं लिहिलेलं. तिकिटांची चौकशी करायला म्हणून ती वही तिने मेघालीकडे दिली. पुढच्याच महिन्यात, मार्गशीर्षात, शैलेश वाडीत पाणी लावता लावता बसला तो उठलाच नाही. वही मेघालीकडेच राहिली.

तिघी धावत आल्या होत्या. बुधी तर दहाव्यापर्यंत घरीच होती. त्यांच्या मायेत कुठे खोट काढायला जागा नव्हती. आणि एप्रिलात, शैलेशला जाऊन पाचवा महिना चालू असताना, सून हेमाली मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, तुमच्या मैत्रिणी अंदमानला गेल्यात का?"

मेघालीने स्टेटस ठेवलं होतं. सुलूला दिसू नये अशी तजवीज करून ठेवलं होतं, पण हेमालीचा नंबर तिच्या डोक्यातून गेला. नारिंगी जॅकेटं घातलेल्या तिघी, मागे निळं पाणी. दुसऱ्या फोटोत बोट. वहीत लिहिलेली तीच बोट, तीच वेळ.

"मला सांगितलं होतं त्यांनी," सुलू म्हणाली आणि केळफूल सोलत राहिली. कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तिघींचे फोन येत राहिले, सुलू नेहमीसारखी बोलत राहिली. कोणी अंदमानचं नाव काढलं नाही. शैलेशचं वर्षश्राद्ध झालं, आणि माघात दीपाचा फोन आला. "आता वर्ष झालं ग. आता कुठेतरी जाऊ या. बेटांची सहल करू, आपल्याच इथली! पाणकोट, मग खाडीतली बेटं. तू पुढारी. बोल, कधी?"

सुलूने मनाशी ठरवलं, जायचं. नीट, हसतखेळत जायचं, यांना खाऊपिऊ घालायचं, आणि मग या तिघींना कायमचा नमस्कार. फोन उचलायचा नाही. बत्तीस वर्षं पुष्कळ झाली.

एकदा पुढारीपण घेतलं की सुलूला अर्धवट काम जमत नाही. तिने भरती-ओहोटीचं गणित मांडलं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. वडिलांनी शिकवलेलं. रविवारी अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. दहाच्या सुमारास केळव्याच्या किनाऱ्यावरून चालत पाणकोटावर जायचं, समुद्रातल्या त्या जुन्या बुरुजावर जेवायचं, आणि दुपारी पाणी चढलं की दांडा गावच्या प्रतापदादांनी होडी घेऊन यायचं आणि पुढच्या दोन बेटांवर न्यायचं. हे सगळं कागदावर लिहून तिने फ्रिजला चिकटवलं. तीन बेटं, एक दिवस. अंदमानवाल्यांनी बघत राहावं.

पण त्या रविवारी बुधीचं लसीकरण निघालं. सहल एक आठवडा पुढे ढकलली. सुलूने प्रतापदादांना "पुढच्या रविवारी" म्हणून सांगितलं, कागदावरची तारीख खोडली आणि नवी घातली. बाकी कागद तसाच ठेवला.

रविवारी आठाच्या आत चौघी केळव्याच्या सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आल्या. सुलूच्या दोन्ही हातांत पिशव्या. भाकऱ्या, केळफुलाची भाजी, चटणी, आणि वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. समोर बघते तर पाणी कधीच उतरलेलं, पाणकोटापर्यंत ओली वाळू, मध्ये जेमतेम घोटाभर पाणी.

"दहाला उतरणार होतं ना?" मेघालीने विचारलं.

"मी येणार म्हणून लवकर उतरलं," सुलू म्हणाली. "चला, नाष्टा तिकडेच करू."

बुधी काहीतरी बोलायला गेली आणि गप्प बसली. चौघी साड्या-सलवारी वर खोचून निघाल्या. दीपाला खेकडा दिसला, तिने "अरे बापरे, काटेगा!" म्हणून सुलूचाच दंड धरला. मेघालीने फोटो काढले. मध्येच तिघी हसल्या की सुलूलाही हसू यायचं. ती मनाला दटावायची की हे शेवटचं आहे, विरघळायचं नाही.

तटावर चढून त्यांनी नाष्टा केला. सुकेळी संपली. दीपाने शाळेतल्या बाईंची नक्कल केली, तीच जुनी, तरीही चौघींना ठसका लागला. साडेनऊच्या सुमारास मेघाली खाली वाकून म्हणाली, "सुलू, पाणी उतरतंय का चढतंय ग?"

"उतरतंय. बाराला तळ दिसेल."

"मग माझी चप्पल कुठे गेली?"

खाली दगडावर ठेवलेली चप्पल दूर तरंगत चालली होती. ज्या वाळूवरून आल्या ती वाळू कुठेच नव्हती. चहूकडून गढूळ, भरभरून येणारं पाणी, आणि मध्ये चार बायका. सुलू बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राने तिचं गणित चुकवलं होतं.

प्रतापदादांना फोन लावला. ते आधी भरपूर हसले. "अवो बाय, आज उधानाचं पानी हाय! मला वाटलं तुमी सांजच्याला येनार. आता भिंतीला होडी लावली तर फुटेल. चार वाजता पानी उतरंल, तवा चालत या. तोवर जेवा गुमान."

"उधाण?" सुलू पुटपुटली. "अष्टमीला उधाण कसं येईल?"

बुधीने हळूच सांगितलं, "सुलू, अष्टमी गेल्या रविवारी व्हती. आज अमास हाय."

सुलूने बोटांवर मोजलं. पंधराची पाऊणपट, सव्वाअकराला भरती. तारीख बदलली, तिथी बदललीच नव्हती. वाडीतल्या पोरालाही कळेल अशी चूक, आणि ती करणारी कोण, तर गावभर पाण्याच्या वेळा सांगत फिरणारी सुलू. दीपा आणि मेघाली एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, पण सुलूला ते झोंबलं.

"तुला सकाळपासून माहीत होतं?" तिने बुधीला विचारलं.

"व्हय. आमच्या पाड्यात आज अमासेची पूजा हाय. सकाळीच म्हनणार व्हते, पन म्हटलं समुद्राचं तुला कळतं. आनि तुला राग आला तर?"

"मग विचारायचं होतंस ना!" सुलूचा आवाज इतका चढला की तटावरचे बगळे उडाले. "मला विचारत का नाय तुमी? राग येईल, वाईट वाटेल, सगळं तुमीच ठरवायचं! अंदमानलापन नाय विचारलंत!"

बोलून गेली आणि दहा महिन्यांचं तोंडातलं खांड एकदम बाहेर पडलं. मेघालीचा चेहरा पांढराफटक झाला. दीपाने मान खाली घातली.

"तुला माहीत हाय?" मेघाली म्हणाली.

"एप्रिलपासून. माझी वही घेऊन गेलात. माझीच बोट, माझीच वेळ. फक्त मी नको."

"नको असं नाय ग," दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. "शैलेशभावजींना पाच महिने झालेले. वर्षाच्या आत तुझ्या घरात गोडधोड होत नव्हतं, तुला सहलीला कशी विचारणार? तू वही दिलीस त्याच आठवड्यात चौघींची तिकिटं काढलेली, तुला सांगायचं राहूनच गेलं, आणि ती परत होत नव्हती. आमाला वाटलं, विचारलं तर तुझ्या जखमेवर मीठ. तू ऐकूनच रडशील. म्हणून लपवलं. आमी चुकलो."

"मी नायच म्हटलं असतं," सुलू म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "शंभरदा विचारलं असतंत तरी नाय. कुठे जाणार होते मी तेव्हा? पण ते मी म्हणायचं होतं. तुमी विचारलं असतंत, मी नाय म्हटलं असतं, तुमी दोनदा आग्रह केला असतात, मी तुमाला घालवायला बोईसर स्टेशनवर आले असते. भाकऱ्या बांधून दिल्या असत्या. तुमी माझं नायसुद्धा घेऊन गेलात."

पाणी भिंतीवर आपटत होतं, तुषार अंगावर येत होते. सुलू पाठ करून बसली. ती रडत होती, आणि ते लपवायची तिने तसदी घेतली नाही. शैलेश गेल्यापासून ती लोकांसमोर रडली नव्हती. लोक येऊन रडायचे आणि तिलाच त्यांना पाणी द्यावं लागायचं.

बुधी तिच्याजवळ सरकली. बुधीला गोड बोलता येत नाही, तिला खरंच सांगता येतं.

"आमची सहल काय धड झाली नाय," ती म्हणाली. "दुसऱ्या बेटावर एक नारळवाला व्हता. मेघालीने सांगितलं, चार द्या. त्याने चार फोडले. मग तिघींनी एकमेकींकडं बघितलं. चौथा कोणी पिईना. दीपा म्हणे तू पी, मेघाली म्हणे तू पी. त्यावरून दोघी भांडल्या. संध्याकाळपर्यंत बोलत नव्हत्या. मी दोघींच्या मधी बसून नुसतं पानी बघितलं."

सुलूने पदराने नाक पुसलं. "मग त्या नारळाचं काय झालं?"

"ऱ्हायला तिथंच."

"फोडलेला नारळ टाकून आलात?" सुलू वळलीच. वाडीवालीच ती. "पाणी कसं होतं?"

"आपल्यासारखं नाय," मेघाली रडत रडत म्हणाली. "खारट होतं ग."

"समुद्राकाठचा होता तो, थोडा खारट असणारच," सुलू म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं. ते तिने आवरायचा प्रयत्न केला, पण दीपाने तोवर तिला मिठी मारली होती, मेघाली दोघींवर येऊन पडली, आणि बुधी बाजूला बसून "पडाल खाली," म्हणत राहिली.

तरी माफ केलं असं सुलू म्हणाली नाही. तिने भाकऱ्या काढल्या, चौघींना वाढल्या. दीपाला भाजी जास्त घातली, कारण दीपाला केळफूल आवडतं आणि सवय कुठे जाते. जेवून चौघी तटाच्या सावलीत आडव्या झाल्या. मेघालीने वहीबद्दल सांगितलं. ती तिने जपून ठेवली होती, परत द्यायची हिंमत होत नव्हती. "आण उद्या," सुलू म्हणाली. एवढंच.

चारच्या पुढे पाणी उतरलं. अजून गुडघ्याच्या वर होतं, पण पायाखाली वाळू लागत होती. पुढची दोन बेटं राहिलीच. चौघी एकमेकींचे हात धरून निघाल्या, मेघाली अनवाणी. मध्यावर आल्यावर ती थांबली.

"सुलू," ती म्हणाली, "दिवाळीनंतर लक्षद्वीपला जायचं का? तिकडेपन बेटंच बेटं हायत. येशील?"

सुलूने तिच्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे पाहिलं. मग अगदी सावकाश, तोंडभर म्हणाली, "नाय."

तिघी जागच्या जागी उभ्या राहिल्या. मेघालीने तिचा हात सोडला. सुलूला मात्र एकदम हलकं वाटलं, डोक्यावरची पाटी उतरवून ठेवावी तसं. ती दोन पावलं पुढे गेली आणि मागे वळली.

"अशा काय उभ्या राहिलात? परत विचारा की."

किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांनी तिला अकरा वेळा विचारलं. दहा वेळा ती नाय म्हणाली.