मेंढराची मान

यवतच्या त्या दवाखान्यात चौदा पेशंटांना एकच सिस्टर. सुलक्षणा सिस्टरनं सकाळी बिरदेवला सांगितलं होतं, नळीतून पेज देताना आबांचा पलंग डोक्याकडून वर पाहिजे, नंतरही तासभर तसाच. सांगितलं म्हणजे काय, दुसऱ्याची सलाईन बदलता बदलता सांगितलं. याला सांगणं म्हणत नाहीत.

बिरदेव खुटबावचा धनगर. बाप भिमाआबा लकव्यानं पडलेला, गिळणं बंद, म्हणून नाकातून पोटात नळी. दुपारी सिस्टर आली तर पलंग सपाट आणि बिरदेव सिरिंजचा दट्ट्या रेटून पेज ढकलतोय. आबा खोकत होते. ओठ निळे पडायला लागले होते.

तिनं सिरिंज हिसकावली, नळी मुडपून धरली, आबांना कुशीवर केलं, पलंग वर घेतला, मशीननं घसा साफ केला. मगच विचारलं, पलंग खाली कुणी केला.

"मीच. मेंढराला औषध पाजताना मान वर केली की फुफ्फुसात जातंय. दोन कोकरं मेलीत माझ्या हातनं."

"मेंढराला उताणं पाडून पाजलंत का कधी, दादा?"

"न्हाई. उभंच आसतंय."

"आबा उताणे होते. पोटातलं वर येतं आणि फुफ्फुसात उतरतं."

बिरदेव बापाच्या पाठीशी उशा कोंबायला लागला.

नळीवर नाकापाशी केलेली शाईची खूण चार बोटं बाहेर आली होती. नळी सरकलेली. दवाखान्याचे मालक डॉक्टर आले, म्हणाले, नळीत हवा मारून पोटावर आवाज ऐक, आला म्हणजे नळी पोटात, आणि उरलेली पेज घाल. एक्स-रे काढणारा फोटोवाला दौंडला गेलाय. सिस्टर म्हणाली, आवाज फसवतो, फोटोशिवाय थेंब घालणार नाही. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं, डॉक्टर कोण, तू का मी? चौदा जणांवर एक सिस्टर ठेवणाऱ्यानं हे विचारावं! सिरिंज भरून त्यांनी बिरदेवच्या हातात दिली.

बिरदेवनं ती टेबलावर ठेवली. नळीचं तोंड मुठीत धरलं.

"फोटो निघंस्तवर मूठ सोडत न्हाई. बोलवा त्याला दौंडातनं."

फोटोवाला साडेपाचला आला. नळीचं टोक अन्ननळीतच लोंबत होतं, पोटात नव्हतंच. नवी नळी घातली, पुन्हा फोटो काढला.

पण दुपारची पेज किती आत गेली, ते कुठल्या फोटोत दिसणार? आबांचा श्वास घुरघुरत होता, अंग तापत होतं. सिस्टर कपाळाला हात लावायची, कुणीतरी हाक मारायचं, ती पळायची, परत यायची. बिरदेव तिला दर खेपेला एकच विचारत होता, किती आत गेलं आसंल? ती पुन्हा कपाळाला हात लावायची.