भाऊ-बहीण : निरंक

“बूट पायात जाऊन नाही राह्यला, अन् सर म्हणते पाठ ताठ ठेव,” स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सुरभी स्वतःशीच कुरकुरत होती. पोहे निवडता निवडता तिच्या आईनं, लीलाबाईंनी ते ऐकलं. एरवी त्यांनी उठून टाच धरली असती. आज उठल्या नाहीत.

आज ढाणकीचे पाहुणे धाकट्या लेकीला, प्रेरणाला पाहायला येणार होते. आणि आजच अकरा वाजता लोहाऱ्याला सुरभीची निवड चाचणी होती.

सुरभीचा उजवा हात आणि पाय जन्मापासून आखडलेला. व्यायाम म्हणून हिला घोड्यावर बसवा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तिचे वडील रामराव हसले होते. घोडदळातून निवृत्त झालेले संघदीप सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या बोटांसाठी लगामाला चामड्याचं कडं शिवलं आणि जांभळी नावाच्या म्हाताऱ्या घोडीवर तिला बसवलं. तीन वर्षांत ती ड्रेसाज शिकली. त्यात उड्या नाहीत, शर्यत नाही. आखलेल्या मैदानात घोड्याला या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत नेमून दिलेल्या चालीनं न्यायचं. आज निवड झाली तर पुण्याला, अपंग स्वारांच्या स्पर्धेत.

ती अक्षरं लीलाबाईंना पाठ होती. सरावासाठी अंगणात रांगोळीनं त्याच काढून देत. मधलं एक तेवढं काढायचं नसे.

“एक्स जमिनीवर लिहत नसते, आई. तो आपल्यालेच ठावा पाह्यजे. तिथं थांबायचं, पंचाइकडे पाहून मान लववायची. त्यायनं आपल्याले पाह्यलं, का मंग खेळ सुरू.”

खेळ असा, आणि घरची रीत अशी की पाहुणे आले की या पोरीनं दिसायचं नाही. हे चौथं स्थळ. मागच्या तिन्ही वेळी तिला बाभुळगावला मामाकडे धाडलं होतं. बहिणीचा पाय पाहून लोक अख्ख्या खानदानावर शंका घेतात, असं रामरावांचं म्हणणं. आणि ते अगदीच खोटं आहे असं लीलाबाईंनाही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. रामरावांनी टाइप करून आणलेल्या बायोडाट्यात मामाची शेती होती, काकाची नोकरी होती, प्रेरणाच्या चष्म्याचा नंबरसुद्धा होता. आणि खाली, ‘भाऊ-बहीण : निरंक’. म्हणजे कुणीच नाही; तहसीलच्या दाखल्यावरचा शब्द. तो वाचून प्रेरणा दिवसभर जेवली नव्हती. बोलली मात्र तीही नव्हती.

पाहुणे बाराला यायचे, सुरभी दहाच्या ऑटोनं जायची, असं ठरलं होतं. रामरावांनी सकाळीच रांगोळीची अक्षरं झाडून टाकली. पण पाहुणे पावणेदहालाच अंगणात खुर्च्यांवर येऊन बसले.

रामराव आत आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, “तिले मांगच्या खोलीत बसव. दोन घंट्याचा तं सवाल हाय.”

“तिची परीक्षा हाय आज.”

“अन् प्रेरणाचं आयुष्य हाय.”

भांडायचं त्राण लीलाबाईंमध्ये उरलं नव्हतं. संसाराच्या तेवीस वर्षांत ते थोडं थोडं करून संपलं होतं. त्या मागच्या खोलीकडे वळल्या. सुरभीही तुरीच्या पोत्यांमधून वाट काढत आत गेली. एक बूट पायात, एक हातात. पोत्यावर बसली आणि सवयीनं तिनं पाठ ताठ केली.

तेच लीलाबाईंना पाहवलं नाही. बाहेर ऑटोचा भोंगा वाजला. त्या खाली बसल्या, लेकीची टाच धरली. बूट पायात गेला.

“जाय,” त्या म्हणाल्या.

वाट अंगणातूनच होती. सुरभी डावा पाय टाकत, उजवा ओढत निघाली आणि अंगणाच्या बरोबर मध्यावर, जिथं कधीच काही लिहिलं नव्हतं तिथं, थांबली. खुर्च्यांकडे पाहून तिनं मान लववली.

पोहे घेणारे हात थांबले. मुलाचे वडील सदाशिवराव म्हणाले, “ही कोन?”

“शेजारची पोट्टी हाय,” रामराव म्हणाले. पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या प्रेरणानं मान वर केली आणि आईकडे पाहिलं.

लीलाबाई दारात आल्या. पदर सावरायचं त्यांना सुचलं नाही.

“शेजारची नाही, भाऊ. तुमच्याजवळच्या कागदावर निरंक लिवलं हाय, ते बी खोटं हाय. ही माही मोठी पोरगी, सुरभी. पाय जन्मापासून असा हाय. अन् तुमच्यासारखं कोनी घरी आलं, का आमी तिले लपवतो.”